हरवलेल्या चित्रपटाची साक्ष



चित्रपटावर बंदी आली, तरी तो डब्यात शिल्लक असतो. राजवट बदलली की डबा उघडता येतो. पण डबाच नाहीसा झाला तर? ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या वाट्याला नेमके हेच आले.

त्याचे निर्माते अमृत नाहटा हे काँग्रेसचेच खासदार. सत्तेच्या खुर्चीचा उपहास करणारा हा चित्रपट एप्रिल १९७५ मध्ये सेन्सॉर मंडळापुढे गेला. तेथून प्रकरण माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे पोहोचले आणि ५१ आक्षेप निघाले. पात्रे काल्पनिक आहेत, असे उत्तर नाहटांनी जुलैमध्ये दिले. तोवर देशावर आणीबाणी लादली गेली होती. चित्रपटावर बंदी आली. मूळ निगेटिव्ह आणि प्रती सरकारने ताब्यात घेतल्या. नाहटांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहण्याचे ठरविले, तेव्हा सरकारला तो दाखविताच आला नाही!

१९७७ च्या सत्तांतरानंतर खटला उभा राहिला. गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात चित्रपट जाळला गेला, असे अभियोगपक्षाचे म्हणणे होते. फेब्रुवारी १९७९ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने संजय गांधी व माजी मंत्री विद्याचरण शुक्ल यांना शिक्षा ठोठावली. एप्रिल १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. तो निर्णय शिरोधार्य आहे. परंतु सरकारच्या ताब्यातील वस्तू परत मिळाली नाही, हे सत्य त्याने पुसले जात नाही.

नाहटांनी १९७८ मध्ये तोच विषय पुन्हा चित्रित केला. आज आपण पाहतो तो हा दुसरा चित्रपट. पहिला कसा होता, हे त्यावरून ठरविता येत नाही.

व्ही. शांताराम यांच्या ‘स्वराज्याचे तोरण’ या मूकपटाच्या नावातील ‘स्वराज्य’ हा शब्द इंग्रज सेन्सॉरला खुपला होता. १९३० चा तो चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने का होईना, प्रेक्षकांपर्यंत गेला. स्वतंत्र भारतात नाहटांच्या चित्रपटाला तेवढेही भाग्य लाभले नाही.

आक्षेप घ्यावा, टीका करावी, न्यायालयात दाद मागावी. पण कलाकृतीची मूळ प्रत सत्तेच्या मुठीत एकटी सोडू नये. सत्ता आपल्या आवडीची असेल, तेव्हा तर हे अधिकच लक्षात ठेवावे. आणीबाणीची आठवण आपण दरवर्षी जागवतो. तिचा हा धडाही त्यात असू द्या.