पाण्याचा जमाखर्च



पर्यावरणाचे रक्षण म्हटले की दूरची अरण्ये आणि कारखान्यांची धुराडी डोळ्यांपुढे येतात. लातूर व नांदेड जिल्ह्यांत मात्र हा प्रश्न घरातल्या रांजणापासून सुरू होतो.

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी जारी करावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून 5 लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली. पुढे 50 डब्यांची गाडी एका खेपेस 25 लक्ष लिटर पाणी आणू लागली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरले. परंतु टंचाईने शिकविलेली काटकसर भरल्या धरणाकडे पाहून विसरली, तर तो धडा व्यर्थ गेला असेच म्हणावे लागेल.

आपल्या भूमीखाली बहुतांश काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते मुरमात आणि खडकांच्या भेगांत. विंधन विहीर अधिक खोल नेली म्हणून पाणी वाढत नाही. मागील पावसाळ्यांची शिल्लक तेवढी लवकर संपते. म्हणून खर्चाबरोबर जमेकडेही पाहिले पाहिजे.

1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी मिळते. 50 चौरस मीटरच्या छपरावर वर्षात 700 मिलिमीटर पाऊस झाला, तर ते 35 हजार लिटर होते. काही वाया गेले तरी उरलेले पाणी पन्हळीने उतरवून, वाळू-खडीतून गाळून विहिरीत अथवा शोषखड्ड्यात सोडता येते. पहिल्या सरींचे पाणी मात्र बाहेर जाऊ द्यावे.

खर्चाच्या बाजूसही लक्ष हवे. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाकाठी सुमारे 4 लिटर पाणी वाया घालविते. भाजी, तांदूळ धुतलेले पाणी परसातल्या कढीपत्त्याला घालावे. आंघोळीस फवाऱ्याऐवजी बादली वापरावी.

नांदेडकरांना गोदावरीचा आधार आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. पण नदी जवळ असणे म्हणजे पाणी निर्मळ असणे नव्हे. मांजराही पुढे गोदावरीलाच मिळते. वरच्या गावाने ओढ्यात टाकलेले प्लास्टिक व सांडपाणी खालच्या गावाच्या वाट्यास येते. निर्माल्य नदीत न सोडता त्याचे खत करणे, ही देखील श्रद्धेचीच सेवा होय.

या कामाचा आरंभ उपदेशाने नव्हे, उदाहरणाने व्हावा. शाळेची गळकी टाकी विद्यार्थ्यांना जे शिकविते, ते पाठ्यपुस्तकाने पुसले जात नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायत, शाळा आणि कार्यालय यांच्या छपरांना पन्हळी बसवाव्यात, तोट्या दुरुस्त कराव्यात आणि ग्रामसभेपुढे गावाच्या पाण्याचा जमाखर्च मांडावा. पाणी आटले की घागर घेऊन प्रथम आपल्या माताभगिनी बाहेर पडतात. त्यांची पायपीट वाचविणे हेच या जमाखर्चाचे खरे फलित ठरेल.