मृगाआधी घराभोवती एक फेरी

आमचं गाव लातूरकडचं. बचत गटात आम्ही १२ जणी आहोत. कुणाचं माळवदाचं घर, कुणाचं पत्र्याचं, तिघींची घरकुलं झाली आहेत. आज बचतीबद्दल नाही, घराबद्दल बोलायचं आहे. आधी आमची चूक सांगतो.

गटातल्या एका काकूंच्या घरी आमची दर महिन्याची बैठक बसते. ज्या भिंतीला टेकून आम्ही बसायचो, तिच्या पलीकडे न्हाणी. न्हाणीचं पाणी भिंतीच्या पायाशीच मुरायचं. भिंत गुडघ्याइतकी ओली दिसायची. पोपडे पडायचे, काकू ते झाडून टाकायच्या. पुढे भिंतीने पोट काढलं. आमच्यातल्या तिघींना ते दिसत होतं, पण दुसऱ्याच्या घराला नावं कशी ठेवायची म्हणून कुणी बोललं नाही.

गेल्या वर्षी आषाढात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी पाऊस उघडला आणि पहाटे ती भिंत आत पडली. काकूंची नात रोज त्याच भिंतीशी झोपायची. त्या रात्री वरून गळत होतं म्हणून तिला दुसऱ्या खोलीत नेलं होतं, म्हणून पोर वाचली.

भिंत बांधायला काकूंनी गटातून ४०,००० रुपये उचलले. हप्ते अजून चालू आहेत. पाइप टाकून शोषखड्डा आधी केला असता, तर दोन-अडीच हजारांत भागलं असतं. पुढच्या बैठकीत काकू एवढंच म्हणाल्या, "दिसत होतं तर बोलायचं होतं गं बायांनो."

ते आम्हाला लागलं. रोजच्या घराला आपली नजर सरावते, ओल दिसते तरी दिसत नाही. म्हणून यंदा आम्ही ठरवलं, रोहिणी नक्षत्रात दोघी-दोघींनी एकमेकींची घरं बघायची. जिचं घर तिने रागवायचं नाही. ७-८ जूनला मृग निघतो, त्याआधी कामं उरकायची. काय काय बघितलं, ते आता सांगतो.

पहिलं, भिंतीचा पाया. घराभोवती एक चक्कर मारा. पाणी कुठे साचतं? न्हाणीचं, रांजणाचं, भांडी घासायचं पाणी कुठे जातं? भिंतीलगतची माती अशी चोपून घ्या की उतार घराबाहेर जाईल. उंदरांची बिळं खडी-मातीने ठासून बुजवा, त्यातूनच पाणी पायात शिरतं. जळणाची मोळी आणि शेणाच्या गोवऱ्या भिंतीला लावून ठेवू नका. त्यांच्याआड ओल राहते आणि वाळवी चढते. भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली तर ती मोडा. चार दिवसांनी परत आली, तर आत वाळवी जिवंत आहे. मग तुळईत सळई टोचून बघा. सळई सहज आत गेली, तर लाकूड पोखरलंय.

दुसरं, भेगा. प्रत्येक भेग वाईट नसते. प्लास्टरवरची केसासारखी भेग चालते. पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि रुपयाचं नाणं आत जाईल एवढी भेग असेल, तर गवंड्याला दाखवा. भेग वाढतेय का, ते कसं कळायचं? तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. महिन्याने बघा. रेघेच्या पुढे गेली असेल तर ती चालती भेग आहे. ती नुसती चुन्याने झाकू नका, कारण शोधा.

तिसरं, छत. माळवदाच्या घरांसाठी हे नीट ऐका. गळायला लागलं की दरवर्षी आपण वर नवी माती टाकतो. आमच्याच जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती आणि मातीचं जड छत असलेली घरं माणसांवर बसली. ते आमच्या सासूबाई अजून सांगतात. आता हिशोब बघा. १० बाय १० फुटांच्या खोलीवर एक इंच माती टाकली, की अंदाजे ४ क्विंटल वजन वाढतं. पाच वर्षं टाकली तर २० क्विंटल. आणि ती भिजली की आणखी जड. म्हणून आधी जुनी माती खरवडून काढायची, मग तेवढीच नवी टाकायची. वरचं गवत मुळासकट उपटा आणि पन्हळीचं तोंड मोकळं करा. माती जास्तच झाली असेल तर घरच्या गड्यांना सांगून ती उतरवा. पण तुळई वाकली असेल, तर त्यांना वर चढवू नका. आधी खालून टेकू द्या.

पत्र्याच्या घरात वरचे दगड बघा. वादळात पत्रा उडतो आणि दगड अंगावर येतात. हुक आणि नट घट्ट करून घ्या, फाटलेले वॉशर बदला. बहुतेक गळती वॉशरमधूनच होते.

घरकुलाच्या स्लॅबवर दोन बादल्या पाणी ओता. ते पाइपाकडे वाहतं की डबकं होतं, बघा. पाइपाच्या तोंडातला पाला काढा. पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा. खालून तांबूस डाग आणि पोपडे दिसले, तर आतली सळई गंजतेय. त्यावर नुसता रंग देऊ नका. गवंड्याकडून सैल भाग काढून, गंज घासून, दुरुस्ती करून घ्या.

चौथं, लाइट. आमच्या फेरीत एका ताईंच्या घरी हेच सापडलं. मीटरकडून येणारी वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती, आणि त्याच पत्र्याला कपडे वाळवायची तार बांधलेली. पाऊस पडला असता तर ताराभर करंट आला असता. त्याच दिवशी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलावलं. वायर पाइपातून घेतली. तारेच्या जागी नायलॉनची दोरी बांधली. सगळ्यांचे मिळून ६०० रुपये लागले. तुम्हीही लोखंडी तार काढाच. अर्थिंग आहे का, ते विचारा. बोर्डावर शॉकपासून वाचवणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवलेला असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. स्विच पडला, तर तो चालू आहे. कुणाला शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद करा, त्या माणसाला हाताने धरू नका.

आणि एक गोष्ट पाठच करून ठेवा. झडीच्या दिवसांत दार एकाएकी अडकायला लागलं, भिंतीतून माती झडायला लागली, लाकूड कुरकुरलं, भेग डोळ्यांदेखत रुंदावली, तर सामान गोळा करत बसू नका. लेकरं, म्हातारी माणसं घेऊन बाहेर पडा. पाऊस थांबला म्हणून लगेच आत जाऊ नका. काकूंची भिंत पाऊस उघडल्यावरच पडली.

पैशाचं काय, असं तुम्ही विचाराल. आम्ही गटात घरदुरुस्तीची वेगळी बचत सुरू केली आहे. दर महिन्याला प्रत्येकीचे २० रुपये. वर्षाला आमचे २,८८० होतात. ज्या घराचं काम जास्त धोक्याचं, त्याला आधी. पहिला पाइप कुणाच्या न्हाणीला बसला माहीत आहे? काकूंच्याच शेजारणीच्या. तिच्या भिंतीची ओल काकूंनीच दाखवून दिली.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर उठा आणि ज्या घरात बसलात, त्याच घराभोवती एक फेरी मारा. जे दिसेल ते बोला. तुमच्या घराबद्दल कुणी बोललं, तर वाईट वाटून घेऊ नका.