कवडीमोल शब्दांची बेगमी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली. ती आम्ही अक्षरशः पाळणार आहोत. कारण आमचा विषयच शब्द हा आहे.

आमची नात सध्या एका परीक्षेची तयारी करीत आहे. इंग्रजीतील कधी न ऐकलेले शब्द आणि त्यांचे अर्थ ती सकाळ-संध्याकाळ घोकते. परवा तिने आम्हांस विचारले, “आजोबा, फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन म्हणजे काय, सांगा पाहू!” आम्ही अर्थातच शरण गेलो. तेव्हा तिने खुलासा केला : एकोणतीस अक्षरांच्या या शब्दाचा अर्थ, एखादी गोष्ट कवडीमोल ठरविणे. क्षुल्लकतेचे द्योतक असे चार लॅटिन शब्द एका माळेत ओवून कुणा विद्वानाने तो विनोदाने घडविला. लोकरीचा पुंजका आणि केसही त्यात आहेत. आम्हांस मौज वाटली. कारण आपल्याकडेही कवडीमोल, मातीमोल, तृणवत् आणि कस्पटासमान अशी चौकडी आहेच. फक्त आपण त्यांची आगगाडी जोडली नाही.

त्याच सायंकाळी जुने कागद आवरताना आमच्या कोकणातील आत्याचे एक अंतर्देशीय पत्र हाती आले. त्यात लिहिले होते, “यंदा आगोट लवकर आटोपली.” नातीने ते वाचले आणि विचारले, “आजोबा, ही ‘ऑगस्ट’ लिहिताना झालेली चूक आहे का?”

आम्ही हसलो खरे, पण त्या हसण्यात अपराधीपणा होता. एकोणतीस अक्षरांचा परका शब्द जिला मुखोद्गत, तिला आपल्याच पणजोळीतला तीन अक्षरांचा शब्द चूक वाटावा, हा दोष तिचा नव्हे. तो शब्द आम्ही तिच्यासमोर कधी उच्चारलाच नव्हता. आगोट म्हणजे पावसाळा तोंडावर आल्याचा काळ, आणि त्यासाठी घरात करून ठेवायची बेगमी : लाकूडफाटा, मीठ, मिरची, पापड, सुकी मासळी. दिल्लीच्या आकाशात लू आहे, आंधी आहे, आगोट नाही. वस्तू दृष्टीआड झाली की तिचा शब्दही हळूहळू घर सोडतो.

आता ‘बेगमी’ हाच शब्द पाहा. मुळात तो फारसी. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे चिंता. हे दोन्ही तुकडे इथल्या आपल्या शेजाऱ्यांना पाठ आहेत. परंतु वर्षभराचे धान्य घरात भरले की मन निश्चिंत होते, म्हणून त्या साठवणीलाच ‘बेगमी’ म्हणावे, ही कल्पकता मराठीची.

शब्दांचा प्रवास असा दोन्ही बाजूंनी चालतो. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा आपला मुंगूसच. त्याच्या स्पेलिंगच्या शेपटीला इंग्रजांनी हंसाचे ‘गूस’ चिकटविले, तरी त्याचे अनेकवचन हंसासारखे ‘गीस’ होत नाही. पेशवा आणि पेंढारी हे शब्दही मोठ्या इंग्रजी कोशांत जाऊन बसले आहेत. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे. राज्य गेले, शब्द मात्र जेत्यांच्या कोशात राहिले.

आणि आपले शब्द आपल्यासाठी कोणी जपले? त्यातही एक इंग्रज पुढे होता. कंपनी सरकारच्या लष्करातील मोल्सवर्थ याने कँडी बंधू आणि एतद्देशीय शास्त्री यांच्या साहाय्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुमारे ६०,००० झाले. पुढे दाते-कर्वे प्रभृतींनी १९३२ पासून ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले. एका परक्या माणसास जे शब्द कवडीमोल वाटले नाहीत, ते आपण आपल्या स्वयंपाकघरातून निमूटपणे जाऊ द्यावेत काय?

इंग्रजी शिकू नका, असे सांगण्यास आम्ही उभे नाही. त्या भाषेच्या आधारावरच आपल्यापैकी अनेकांची इथली चूल पेटली. हिंदी तर इथला श्वासच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, नवे शब्द घरात येताना जुन्यांनी घर रिकामे करण्याचे कारण नाही.

शिवाय आपणांस इथे एक लाभ आहे, जो पुण्या-मुंबईसही दुर्मिळ. मंडळाच्या एकाच पंगतीत वऱ्हाडचे, खानदेशचे आणि कोकणचे पान शेजारी-शेजारी मांडले जाते. वऱ्हाडातल्या वहिनी ‘सांबार’ आणा म्हणाल्या की त्यांना कोथिंबीर हवी असते, हे आम्ही इथे दिल्लीत शिकलो. कळण्याची भाकरी आम्हांस खानदेशाने नव्हे, शेजारच्या क्वार्टरने खाऊ घातली.

म्हणून एक नम्र सूचना. मंडळाच्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातले पंचवीस शब्द तीत लिहावेत : शब्द, अर्थ, गाव, आणि तो ज्यात वापरला जाई असे एक वाक्य. वडीलधाऱ्यांनी सांगावे आणि मुलांनी लिहावे. लिहिताना मूल विचारील, आणि विचारले की सांगणाऱ्याला आपले गाव आठवेल. उशीर मात्र करू नये. आमची आत्या आज हयात नाही. तिला आणखी किती शब्द ठाऊक होते, ते विचारायचे राहूनच गेले.

आमच्या वहीचे पहिले पान नातीने लिहिले आहे. पहिला शब्द आहे ‘आगोट’. पुढील पन्नास वर्षांची ही बेगमी आपण सर्वांनी मिळून करावी, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.