घराचे रक्षण आणि हातातील शस्त्र

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाविषयी, विवाहातील उधळपट्टीविषयी आणि वसतिगृहाच्या निधीविषयी बोलले जाते. आमच्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकानेही त्याच वाटेने जावे अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज आम्ही पिस्तुलाविषयी बोलणार आहोत. मागील रांगांतील भगिनींनी दचकू नये. पिस्तूल आमच्या खिशात नाही आणि पुढेही असणार नाही.

विषयाचे निमित्त घरचेच आहे. आमचा पुतण्या जळगाव जिल्ह्यात केळीचा व्यापार करतो. हंगामात मजुरांना वाटण्यासाठी रोकड घरी ठेवावी लागते. गतवर्षी सर्व कुटुंब धुळ्यास लग्नाला गेले असता मागील दाराचे कुलूप तोडून चोरी झाली. त्यानंतर एके दिवशी तो आमच्याकडे आला, खिशातून दूरध्वनी काढून एका पिस्तुलाचे चित्र आमच्यापुढे धरले आणि म्हणाला, "नाना, हे बघा. पूर्ण मापाचं, प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं. घरासाठी हेच चांगलं, असं सगळे म्हणतात. तुम्ही कायद्याची पुस्तकं वाचता, घेऊ का?"

आमची विद्या मॅट्रिकपर्यंतची, पुढे अध्यापनाची पदविका. परंतु विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि शिक्षकाने "मला वेळ नाही" म्हटले, असे आम्ही बत्तीस वर्षांत केले नाही. म्हणून आम्ही अभ्यासास बसलो.

प्रथम त्या चित्रातील वस्तूविषयी. पुतण्याची माहिती खोटी नव्हती. ऑस्ट्रियातील गॅस्टन ग्लॉक नावाचे कारखानदार पडद्यांचे गज आणि लष्करासाठी चाकू बनवीत असत. पिस्तूल त्यांनी पूर्वी कधीही बनविले नव्हते. त्यांनी सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे कणखर प्लॅस्टिकचा, आणि नळी व वरचा सरकता भाग पोलादाचा असे पिस्तूल तयार केले व १९८२ साली त्या देशाच्या सैन्याने ते पसंत केले. त्यात १७ काडतुसे बसतात आणि रिकामे असता त्याचे वजन सुमारे ६३० ग्रॅम भरते. जुनी पोलादी लष्करी पिस्तुले किलोभराच्या पुढे जात. पॉलिमर गंजत नाही, हा गुण घामाने भिजणाऱ्या आमच्या खानदेशी हातांना मोलाचाच म्हटला पाहिजे.

पूर्ण मापाचे का, यालाही कारण आहे. आखूड पिस्तूल खिशात लपते, परंतु त्याचा दस्ता एवढा तोकडा असतो की करंगळी अधांतरी राहते. मोठ्या पिस्तुलाला सगळी बोटे धरतात, हातास बसणारा धक्का सोसवतो आणि पुढची व मागची नेमकाठी एकमेकींपासून दूर असल्यामुळे नेम अधिक साधतो. जे घरातच राहावयाचे ते लपविण्याची गरज नाही. तेव्हा मोठे घ्यावे, हा युक्तिवाद अमेरिकेतील मनुष्यासाठी अगदी रास्त आहे.

परंतु पुतण्याचे घर तापीच्या खोऱ्यात आहे. ते पिस्तूल ९ मिलिमीटरचे. हिंदुस्थानात हा व्यास सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि २०१९ मध्ये त्यात कडक दुरुस्ती झाली. निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगल्यास ७ ते १४ वर्षांची शिक्षा आहे. साधे, अनिषिद्ध शस्त्र विनापरवाना सापडले तरी किमान २ वर्षे चुकत नाहीत. हे आकडे आम्ही फळ्यावर लिहावेत तसे वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून पुतण्यापुढे ठेवले. तो बराच वेळ बोलला नाही.

मग त्याने हळूच दुसरी वाट काढली. "चोपड्याकडे एक ओळखीचा आहे," तो म्हणाला. बंधूंनो, ही ओळख आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. न ठाऊक असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. चोपडा तालुक्याला लागून, अनेर नदीच्या पलीकडे मध्यप्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचे गाव आहे. तेथील गावठी पिस्तुले आपल्या पोलिसांनी किती वेळा पकडली याच्या बातम्या आपण चहासोबत वाचतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर तेथे कारवाईस गेलेल्या पोलीस पथकातील एका शिपायालाच जमावाने पळवून नेले होते. असले शस्त्र घरात आणणे म्हणजे चोराच्या भीतीने घरात फौजदारी खटला आणून बांधणे होय. शिवाय त्या नळीचे पोलाद कसले, हे बनविणाराही सांगू शकणार नाही. ती फुटली तर प्रथम धरणाऱ्याचाच पंजा जातो. आम्ही पुतण्यास त्या ओळखीच्या गृहस्थाचे नावही सांगू दिले नाही.

तर मग कायद्याने काय मिळते? परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी देतात. वय २१ पूर्ण हवे. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय दाखला लागतो आणि शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. एका व्यक्तीस आता दोनच शस्त्रे ठेवता येतात. २०१९ पूर्वी तीन ठेवता येत. हातात धरावयाच्या शस्त्रांत सामान्यतः .३२ व्यासाचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, हीच निवड उरते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे, अर्धा किलोच्या आसपास वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले; किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. पुढे २०२३ मध्ये तेथूनच 'प्रबल' आले. त्याचा पल्ला ५० मीटर असल्याचे सांगितले गेले. आता आपल्या ओसरीची लांबी किती, हे ज्याचे त्याने मोजावे.

दोहोंपैकी एक निवडावयाचे तर आम्ही रिव्हॉल्व्हर म्हणू. पिस्तुलातील मॅगझिन काढले तरी एक काडतूस नळीच्या तोंडाशी राहून जाते आणि "रिकामे आहे" म्हणून हाताळणारा फसतो. रिव्हॉल्व्हरची फिरकी उघडली की किती घरे भरलेली आहेत हे डोळ्यांना दिसते. एखादे काडतूस उडाले नाही तर चाप पुन्हा दाबावयाचा, एवढेच. ज्या पिस्तुलाचे चित्र पुतण्याने दाखविले त्यास बाहेरून वेगळा खटकाही नसतो. चाप मागे ओढला की ते उडते. सरावाच्या शिपायास हे सोयीचे असेल, परंतु वर्षातून एकदा दसऱ्याला शस्त्रपूजेपुरते ते बाहेर काढणाऱ्या व्यापाऱ्याला नव्हे.

येथवर सांगून झाले तेव्हा पुतण्या म्हणाला, "नाना, तुम्ही हे पुस्तकातलं सांगता. रात्री दार वाजलं की काय वाटतं, ते तुम्हाला ठाऊक नाही."

त्यास जे सांगितले ते आम्ही आजवर कोणासही सांगितले नव्हते. आज आपणांस सांगतो.

आमच्या वडिलांकडे परवान्याची एकनळी बारा बोअरची बंदूक होती. १८७८ च्या कायद्याने लॉर्ड लिटनच्या काळात देशी लोकांच्या हातून शस्त्रे काढून घेतली गेली व गोऱ्यांना सूट राहिली. त्यामुळे परवान्याची बंदूक ही आमच्या वाडवडिलांच्या पिढीत प्रतिष्ठेची खूण झाली होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावातही शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. वडील ती बंदूक रविवारी पुसत आणि कोणास हात लावू देत नसत. १९७८ च्या दिवाळीच्या सुटीत ते आजारी होते. आम्ही १९ वर्षांचे, अध्यापक विद्यालयातून घरी आलेलो. परिसरात चोरांचा बोभाटा होता, म्हणून मळ्यातील झोपडीत रात्री राखणीस गेलो आणि वडिलांस न विचारता बंदूक सोबत नेली. कायद्यानेही तो अपराधच होता.

पहाटेपूर्वी केव्हातरी तुरीच्या ओळींतून पावले वाजली. आम्ही घोडा चढविला. "कोण?" म्हणून ओरडलो असे आम्हांस आजही वाटते, परंतु कंठातून शब्द बाहेर पडला की नाही, याची खात्री देववत नाही. दाराच्या तट्ट्यावर हात पडला, काळी आकृती वाकली आणि आवाज आला, "मी शे, दादा, मी शे!" आमचा सालदार होता तो. पंपाची वीज आली होती, पाणी धरावयाचे म्हणून आम्हांस उठविण्यास आला होता. आमच्या अंगाला दरदरून घाम सुटला. चढविलेला घोडा हळूच उतरवावा म्हणून अंगठा लावला, तो ओला अंगठा निसटला आणि बार झाला. छर्रे त्याच्या डोक्यावरून हातभर अंतराने छपरात गेले. डोक्यावरच्या घोंगडीवर पाचोळा पडला, तो त्याने झटकला. तो काही बोलला नाही. त्याने पाणी धरले. आम्ही बांधावर बसून राहिलो.

वडिलांना त्याने कधी काही सांगितले नाही. सात वर्षे आमच्याकडे राबलेला तो मनुष्य येत्या आखाजीला मात्र सालाला राहिला नाही. दुसऱ्या गावी गेला. "पगार कमी पडत असेल," असे वडील म्हणत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो.

पुतण्या हे ऐकून खाली पाहत होता. मग आम्ही त्यास त्याच्याच घराचा हिशेब विचारला. चोरी झाली तेव्हा घरात कोण होते? कोणी नाही. पिस्तूल असते तर कोठे असते? कपाटात. कपाट कोणी फोडले? म्हणजे दागिन्यांसोबत तेही गेले असते, आणि परवानाधारक म्हणून पोलिसांपुढे तोच उभा राहिला असता. बरे, घरी असताना चोर आला तर? आपल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती गोळी गिळत. आताच्या प्लायवुडच्या दारातून आणि पत्र्यातून ती पलीकडे जाते, आणि पलीकडच्या खोलीत त्याची दोन मुले निजतात.

स्वसंरक्षणाचा अधिकार कायदा देतो, हे आम्ही नाकारीत नाही. पूर्वी तो दंडसंहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घरफोडी करणाऱ्याविरुद्ध हा अधिकार प्राण घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. परंतु आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याचा अधिकार कोणासही नाही, पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तेथे हा अधिकारच नाही, आणि नुसत्या चोरीसाठी, जिवाची वा जबर दुखापतीची रास्त भीती नसता, प्राण घेता येत नाही. हा सूक्ष्म विचार अंधारात, झोपेतून उठून, क्षणार्धात करावयाचा असतो. आम्हांस तर घोंगडीतला स्वतःचा माणूसही ओळखता आला नव्हता.

त्यानंतर पुतण्याने जे केले ते आम्हांस आवडले. मागील दारास लोखंडी जाळीचा दुसरा दरवाजा बसविला. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये गेले. मजुरी बँकेमार्फत देण्यास सुरुवात केली. काही मजूर अद्याप रोखच मागतात, त्यांच्यासाठी थोडी रक्कम राहते. अंगणात दिवा आणि दारात एक गावठी कुत्रा आला आहे. कुत्र्यास परवाना लागत नाही आणि तो सालदाराला अंधारातही ओळखतो. पोलिसांचा ११२ हा क्रमांक सुनबाईने फळीवर लिहून ठेवला आहे.

एकाकी मळ्यात राहणारे, खरोखर धमकी आलेले आमचे काही बंधू या सभेत आहेत. त्यांनी रीतसर अर्ज करावा. त्यांस आम्ही भित्रे म्हणणार नाही. परवाना मिळाल्यास शस्त्र कुलुपात, काडतुसे दुसऱ्या कुलुपात आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या नजरेआड ठेवाव्यात. वर्षातून काही वेळा तरी अधिकृत केंद्रावर जाऊन सराव करावा. निवडणुकीत ते पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला की कुरकुर करू नये. लग्नाच्या वरातीत तर ते मुळीच नेऊ नये. हर्षाच्या भरात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. वडिलांच्या पश्चात परवाना मुलाच्या नावे आपोआप होत नाही, हेही ध्यानात असावे. १९९६ साली वडील वारले तेव्हा आम्ही भावांनी ती बंदूक ठाण्यात जमा केली आणि पावती घेतली. घेण्यास कोणीही पुढे झाले नाही. आमच्या भावांस वाटले, मास्तर अहिंसावादी आहेत.

पुतण्याचा विचार मात्र पुरता मावळलेला नाही. आमचे अक्षर चांगले म्हणून परवान्याच्या अर्जाचा नमुना तो आमच्याकडे ठेवून गेला आहे. नाव, वय, पत्ता, व्यवसाय हे सर्व रकाने आम्ही भरले. शस्त्र कशासाठी हवे, हा रकाना कोरा ठेवला आहे. आखाजीला तो सहकुटुंब येणार आहे. तेव्हा त्याने तो स्वतःच्या हाताने भरावा.