फुग्यातला ‘च’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणाऱ्या माणसानं कॉमिक्सवर बोलायचं म्हणजे जरा आगंतुकपणाच. मला रेघ सरळ ओढता येत नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी काढलेली गाय पाहून गुरुजींनी ‘टेबल छान काढलंयस’ असं म्हटल्याचं अजून आठवतं. पण वाचायला शिकलो तो कॉमिक्सवरच. त्यामुळं त्या ऋणापोटी चार शब्द बोलायचा मला हक्क आहे, असं मी धरून चालतो.

आमचं गाव आजरा. हिरण्यकेशीच्या काठचं, पावसानं भिजून निघणारं. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत इथलेच. माझं बालपण सत्तरीच्या दशकाच्या अखेरीचं आणि ऐंशीच्या दशकातलं. पावसाळ्यात चार-चार दिवस घराबाहेर पाय टाकता यायचा नाही, तेव्हा रद्दीच्या दुकानातून आणलेली इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्रकथा आणि ‘चांदोबा’चे सुटे अंक एवढीच करमणूक. मुखपृष्ठ फाटलेलं, शेवटची दोन पानं गायब. वेताळानं त्या चाच्यांचं पुढं काय केलं, हे मला काही गोष्टींच्या बाबतीत आजही ठाऊक नाही.

या सगळ्या पुस्तकांत माझ्यासारखी माणसं कुठं असायची? असायची ना! दाढीवाली, चिलखतातली, हातात वाकडी तलवार घेतलेली. नाहीतर सिंहासनावर बसून मिशीवर ताव देणारी. क्वचित एखादा कबीर, एखादा अकबर. पण सायकलीचं पंक्चर काढणारा, पोराला शाळेत सोडायला जाणारा, चहाच्या टपरीवर पेपर वाचणारा कुणी माझ्या हाती लागलेल्या पुस्तकांत तरी नव्हता. आणि मधल्या सुट्टीत आम्ही प्रतापगडाचा खेळ खेळायचो, तेव्हा अफझलखान कुणी व्हायचं, हा प्रश्नच नसायचा. तो मी. सवंगड्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. माझं मरणं त्यांना फार आवडायचं, कारण मी मोठ्यानं ओरडून मरायचो. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचा एक सरदार होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्याचं एखादं चित्र त्या वयात दिसलं असतं, तर मी निदान भांडलो तरी असतो.

त्या काळात माझा लाडका नायक होता बहादूर. केसरी कुर्ता, खाली जीन, चंबळच्या डाकूंशी लढणारा, नागरिक सुरक्षा दल उभारणारा. बाप डाकू होता, पण पोरगा कायद्याच्या बाजूनं उभा राहिला. वेताळ आणि मँड्रेक परदेशचे, हा आपला. इंद्रजाल कॉमिक्समध्ये तो १९७६ साली अवतरला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी मला समजलं की बहादूरला जन्म देणारे लेखक म्हणजे आबिद सुरती. ‘धर्मयुग’मधल्या ढब्बूजीचे जनक तेच. गुजराती-हिंदीतले लेखक, चित्रकार, आणि उतारवयात मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देणारे गृहस्थही तेच. मला त्या दिवशी हसू आलं आणि थोडं रडूही. ज्याला मी ‘त्यांचा’ नायक समजून हेव्यानं वाचत होतो, तो आमच्यातल्याच एकाच्या डोक्यातून निघाला होता. म्हणजे आम्ही चित्रात नव्हतो, पण चित्रामागं होतो.

कोल्हापूरच्या माणसाला हे नवं वाटू नये. आबालाल रहिमान आमच्या कोल्हापूरचेच. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. कोटीतीर्थाचं पाणी त्यांनी रंगवलं, त्या पाण्याला कुणी धर्म विचारला नाही.

आता माझ्या मनातला पेच सांगतो. काढणारा कोण आणि काढला जातो कोण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजऱ्याहून आंबोलीचा घाट उतरलं की सावंतवाडी, आणि पुढं कुडाळजवळ पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी मी मुद्दाम जाऊन पाहिली. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे, एका आख्यानाची चित्रं एकत्र बांधली की झाली पोथी. एकेक चित्र समोर धरायचं आणि गात-गात गोष्ट सांगायची. आपल्या मातीतलं कॉमिक्सच म्हणा ना! परशुराम गंगावणे यांनी ती कला जिवापाड जपली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी पाहिलेल्या जुन्या चित्रांत राम होता, पांडव होते, राक्षस होते. ठाकर माणूस कुठंच नव्हता. तो चित्राच्या मागं उभा राहून गात होता. मला आबिद सुरतींची आठवण झाली.

स्वतःलाच काढायचं ठरवलं तर काय होतं, याचा उत्तम दाखला म्हणजे २०११ साली नवयान प्रकाशनानं काढलेलं ‘भीमायन’. बाबासाहेबांच्या आयुष्यावरची ही चित्रकथा दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्यानं रंगवली. त्यांनी पानावर चौकटी आखायला नकार दिला. माणसांना डब्यात कोंडायचं नाही म्हणाले. त्याऐवजी गोंडांच्या भिंतीवरचं दिग्ना नक्षीकाम पानातून वाहतं आणि प्रसंग वेगळे करतं. पण माझ्यातल्या कवीला वेड लावलं ते त्यांच्या फुग्यांनी. कॉमिक्समध्ये पात्राच्या तोंडातून निघणारा शब्दांचा फुगा असतो ना, तो. ‘भीमायन’मध्ये मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! शब्दाला नांगी असते हे आम्ही कवी आयुष्यभर सांगत बसतो. त्यांनी ती काढूनच दाखवली.

मोठ्या प्रकाशनाची वाट न पाहता आपलं आपण छापायचं, हे मराठीला नवं नाही. कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर आणि त्यांचे मित्र १९५०च्या दशकात ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढत होते. कॉमिक्सच्या बाबतीत तेच काम दिल्लीच्या शरद शर्मांनी ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’तर्फे केलं. त्यांची रीत अगदी सोपी. चार चौकटींत एक गोष्ट. दोन साधे कागद जोडून भित्तिचित्र करायचं, झेरॉक्स काढायच्या आणि टपरीवर, स्टँडवर, पंचायतीच्या भिंतीवर चिकटवायच्या. ज्याचं दुखणं त्यानंच काढायचं. चित्र वाकडं आलं तरी चालेल.

हे वाचून मला चेव आला. गेल्या उन्हाळ्यात मी गल्लीतली बारा-पंधरा पोरं जमवली. चित्र मला येत नाही, पण ‘वाकडं आलं तरी चालेल’ हे मी छातीठोकपणे सांगू शकत होतो. कुणी माकडांनी काजूच्या बागेत घातलेला धिंगाणा काढला, कुणी घनसाळ भाताच्या वासानं जागा होणारा आजोबा काढला. आठवीतल्या एका मुलीनं आपल्या दादीची गोष्ट काढली.

गोष्ट अशी. मुंबईहून चाचाचा व्हिडिओ कॉल येतो. दादी सवयीनं फोन कानाला लावते. तिकडं चाचाला नुसता भला मोठा कान दिसतो. सगळं घर ओरडतं, ‘कान नको, तोंड दाखव!’ शेवटच्या चौकटीत दादी ठसक्यात म्हणते, ‘सुनने कू कानच लगता ना?’

मी खो खो हसलो. मग तिसऱ्या चौकटीकडं नीट पाहिलं. ओरडणाऱ्या घरात तिचा बाप होता. छातीपर्यंत दाढी, डोक्यावर टोपी, लांब कुर्ता. मी तिच्या बापाला लहानपणापासून ओळखतो. टेम्पो चालवतो, रोज गुळगुळीत दाढी करतो, बाराही महिने बुशशर्ट-पँट.

मी विचारलं, “अगं, हे कोण?”

“अब्बा.”

“दाढी कधी ठेवली त्यानं?”

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मलाच काही कळत नाही. म्हणाली, “चाचा, त्याशिवाय आपलं घर आहे हे कळणार कसं?”

दाढी राखणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझे वडील राखत होते. पण त्या पोरीनं आपला बाप आपल्या डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. रद्दीतल्या त्या फाटक्या पुस्तकांनी मला जो दाखवला, तोच कुठून तरी तिच्यापर्यंत पोचला होता.

तिला दोन शब्द सुनवावेत म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला माझ्याच कविता आठवल्या. तरुणपणी एका अंकाच्या संपादकांनी मला पत्र लिहिलं होतं, ‘ईदनिमित्त तुमच्या वातावरणातलं काही पाठवा.’ मी त्या काळात पावसावर लिहीत होतो, भातलावणीवर लिहीत होतो. पण बसलो आणि दोन तासांत चाँद, मीनार, अजान, अत्तर असं सगळं घालून कविता लिहून दिली. छापून आली. वाहवा झाली. मग पुढची दहा वर्षं मी तेच करत राहिलो. अत्तर आमच्या घरात वर्षातून दोनदा निघायचं. कवितेत मात्र रोज घमघमत होतं. लोकांना ओळख पटावी म्हणून मी माझ्या कवितेला दाढी चिकटवली होती.

म्हणून रागावलो नाही. तिला म्हटलं, “शेवटचा फुगा मोठ्यानं वाच.”

तिनं वाचला. ‘सुनने कू कानच लगता ना?’

म्हटलं, “हा ‘च’ दिल्लीत बोलतात? लखनौला?”

पोरगी हुशार. लगेच हसली. आमच्या घरांतली दखनी अशी आहे. क्रियापद हिंदुस्थानी, ‘कू’ दक्षिणेचा, आणि जोर द्यायचा झाला की मराठीतला ‘च’ येऊन मध्ये ठाण मांडतो. शतकानुशतकं इथं राहिल्याशिवाय असा ‘च’ जिभेवर बसत नाही. घर कुणाचं, गाव कुठलं, हे सगळं त्या एका अक्षरात आलेलं आहे. दादीनं तोंड उघडलं की कळतंच, अब्बाला दाढी लावायची गरज नाही. बापड्या कवीला जे वीस वर्षं सापडलं नाही, ते त्या म्हातारीनं फोन कानाला लावून सांगून टाकलं.

मुलीनं शाईनं काढलं होतं, खोडता येईना. तिनं त्याच मापाचा कागद कापला, त्यावर बुशशर्टवाला बाप काढला आणि मूळ चित्रावर चिकटवला. डिंक जरा जास्त झाल्यानं ती चौकट फुगून वर आली. झेरॉक्सवाल्यानं ती हातानं दाबून-दाबून वीस प्रती काढल्या. पोरांनी त्या चिकटवल्या. एक स्टँडजवळच्या टपरीशेजारी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेलो, तर टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा, आणि मुलीचा बाप चित्रासमोर. आजूबाजूला चार-पाच जण जमलेले. एक धनगरवाड्याचे आजोबा दादीचा संवाद मोठ्यानं वाचून दाखवत होते, अगदी दखनी हेल काढून. त्यांना कुणी शिकवला कोण जाणे. बापानं मला पाहिलं, जवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, पोट एवढं दिसतंय का हो माझं?”

मी खरं ते सांगितलं. तो चहाचे पैसे मलाच द्यायला लावून निघून गेला.