सीमेपलीकडचे तुकडे



भूगोलाच्या तासाला नकाशा भिंतीवर टांगला, कीं नद्या-डोंगरांप्रमाणेंच देशांच्या सीमाही निसर्गानेंच आंखून दिल्या असाव्यात, असें मुलांना वाटूं लागतें. जमीन निसर्गाची खरी; पण तिच्यावरील ताबा माणसांच्या भांडणांतून आणि समेटांतून ठरतो. हें मुलांच्या मनावर कसें ठसवावें, याविषयीं आज थोडें बोलणार आहें.

त्यासाठीं कुचबिहारचें उदाहरण घ्यावें. अठराव्या शतकाच्या आरंभीं कुचबिहारचें राज्य आणि मोगल यांच्यांत लढाया होऊन तह झाला. तरीही दोन्ही पक्षांच्या लोकांकडे कांहीं जमिनी परक्या मुलुखांत राहिल्याच. इंग्रजी अमदानींत त्याचें फारसें कोणास कांहीं वाटलें नाहीं. पुढें १९४७ सालीं फाळणी झाली, १९४९ सालीं कुचबिहार भारतांत आलें, आणि हे तुकडे परराष्ट्रांत अडकले. बंगालींत त्यांना छिटमहल म्हणत. भारताचे १११ तुकडे पुढच्या बांगलादेशांत, तर तिकडचे ५१ भारतांत होते.

आतां वर्गांत एकच प्रश्न विचारावा : "अशा गांवांत चोरी झाली, तर फौजदार कोणत्या वाटेनें येईल?" मुलें नकाशावर बोट फिरवूं लागतील आणि त्यांच्या ध्यानांत येईल, कीं वाट परदेशांतूनच जाते. शेजाऱ्याची परवानगी नसेल, तर फौजदार नाहीं, शाळा नाहीं, दवाखाना नाहीं. कागदोपत्रीं मालकी आपली. पण ती चालविण्यास शेजाऱ्याची संमति हवी!

ती संमति मिळवितांना किती काळ जातो, हेंही सांगावें. १९५८ सालीं नेहरू आणि नून यांचा करार झाला. पण तो तडीस गेला नाहीं. १९७४ सालीं इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनीं नवा करार केला. तो अंमलांत येण्यास भारताच्या घटनेची शंभरावी दुरुस्ती व्हावी लागली, आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्रीं अदलाबदल झाली. सुमारें १७,१६० एकर जमीन भारतानें दिली, सुमारें ७,११० एकर घेतली.

येथें एखादा चुणचुणीत मुलगा म्हणेल, "गुरुजी, मग आपण दहा हजार एकर गमावले कीं!" त्याला गप्प बसवूं नये. वर्गाचे दोन पक्ष करून वाद घालूं द्यावा. जेथें आपला फौजदार पोंचत नव्हता, ती जमीन आपल्या ताब्यांत कितपत होती? उलट, रहिवाशांना कोणत्याही देशाचें नागरिकत्व निवडण्याची मोकळीक होती. बांगलादेशांतील तुकड्यांतून हजाराच्या आंतच माणसें भारतांत आलीं, आणि त्यांना मात्र घरदार सोडावें लागलें. समेटाचीही किंमत कोणीतरी मोजतोच.

आपल्या घरीं नकाशा असेल, तर मुलांना जवळ बसवून प्रत्येक सीमेपाशीं दोन प्रश्न विचारावेत : ही रेषा कोणत्या भांडणानें पडली, आणि ती आज कोणाच्या संमतीनें टिकली आहे? उत्तर वडीलधाऱ्यांस ठाऊक नसेल, तर तें मुलांसमवेत शोधावें.