सध्या काय वाचतेस गं?

(महाड-पोलादपूर भागातल्या बायकांच्या वाचनगटांची एकत्र बैठक महाडला झाली. तिथे केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या काकी-आज्यांनो,

आजच्या बैठकीला पाहुणी बोलवायची नाही, आपल्यातल्याच एकीने सध्या काय वाचतेय ते सांगायचं, असं मागच्या वेळी ठरलं आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. परीक्षण करायला मला येत नाही. जे वाचलं, जिथे अडले, आणि जे वाचून आपल्यात भांडणं झाली, ते सांगते.

बाईला आपल्याकडे कोणी विचारतं का, सध्या काय वाचतेस म्हणून? आज कालवण काय केलंस, पाणी आलं का, पोराचा निकाल लागला का, हे सगळे विचारतात. आपल्या पहिल्या बैठकीत हा प्रश्न टाकला तेव्हा निम्म्या जणींनी पदर तोंडाला लावला. एक म्हणाली, पंचांग वाचते. एक म्हणाली, बचतगटाचं पासबुक. कापड्याकडून आलेली एक काकी म्हणाली, "मी एसटीची पाटी वाचते, नायतर भलतीकडं जायची." सगळ्या हसल्या. पण मला ते उत्तर फार आवडलं होतं. पाटी वाचता येणं म्हणजे कुणाला न विचारता एकटीने प्रवास करता येणं. वाचनाचा पहिला उपयोग तोच आहे.

कोकणात वाचनालयं नाहीत असं कोणी म्हणणार नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर लहान लहान गावांतही वाचनालयं निघाली, अ-ब-क-ड वर्ग पडले, अनुदान मिळू लागलं. पण बहुतेक ठिकाणी वाचनालय उघडं असतं सकाळी आणि संध्याकाळी. सकाळी आपण पाण्यावर आणि डब्यावर असतो, संध्याकाळी चुलीवर. शिवाय बाहेरच्या बाकावर पेपर घेऊन बसलेली पुरुषमंडळी. त्यांच्यामधून वाट काढत आत जायचं, पुस्तक निवडायचं, नाव लिहायचं, हे ज्या बाईने केलंय तिलाच ठाऊक. म्हणून आपण पिशवीतली पुस्तकं घेऊन वाडीवर जायला लागलो आणि दुपारी दोन ते चार ही वेळ धरली. यात मोठं काही केलं असं मला वाटत नाही. वेळ बदलली, एवढंच.

आता माझ्या पिशवीतलं पुस्तक. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला'. स्त्री उवाच प्रकाशनाने ते १९८९ साली काढलं. आंबेडकरी चळवळीत बायकांनी काय काय केलं त्याचा शोध या दोघींनी घेतला, घरोघर जाऊन म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या शोधल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या. पुढे २००८ साली वंदना सोनाळकरांनी त्याचं इंग्रजी केलं. आपण महाडच्या. चवदार तळ्यावरून रोज बाजाराला जाणाऱ्या. मला वाटलं होतं, आपला इतिहास आपल्याला ठाऊक आहे. शाळेत शिकलो, २० मार्चला गर्दी बघतो, २५ डिसेंबरला गर्दी बघतो. पण हे पुस्तक मोठ्याने वाचायला लागलो तेव्हा बायका जे प्रश्न विचारायला लागल्या ते शाळेत कोणी विचारले नव्हते.

थोडक्यात मांडते, कारण इथे काही मुली नवीन आहेत. रावबहादूर बोल्यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली आणि २० तारखेला लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर मार खाल्ला, तो वेगळा. मग वरच्या जातीच्या लोकांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा कोर्टाची मनाई आलेली होती. गावात जागा कोणी देईना, ती फत्तेखान यांनी दिली. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली. ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, तेही जन्माने ब्राह्मण. तळ्याचा खटला चालत चालत हायकोर्टात १९३७ च्या मार्चमध्ये संपला आणि निकाल आपल्या बाजूने लागला. एक ओंजळ पाण्याला दहा वर्षं.

हे वाचून झालं तेव्हा बिरवाडीच्या गटातली एक जण म्हणाली, "एवढी माणसं दोन-दोन दिवस जेवली कुठं? भाकऱ्या कोणी थापल्या?" मी तिच्याकडे बघतच राहिले. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, हे मी पाठ केलं होतं. पवार आणि मून यांनी नेमकं हेच केलंय असं मला वाटतं. चरित्रात 'स्त्रियाही मोठ्या संख्येने हजर होत्या' असं एक वाक्य असतं ना, त्या वाक्याच्या आत शिरून त्या बायका कोण होत्या, घरून कशा निघाल्या, मूल कोणाकडे ठेवलं, नवरा काय म्हणाला, हे विचारत गेल्या.

भांडण झालं ते पुढच्या भागावर. डिसेंबरच्या त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. मुलींना मुलांइतकंच शिकवा, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला-मुलाला घरात थारा देऊ नका, मेलेल्या जनावराचं मांस घरात शिजवू नका, हे सांगितलं. आणि हेही सांगितलं की लुगडं गुडघ्यापर्यंत नेसू नका, वरच्या जातीच्या बायकांसारखं खालपर्यंत नेसा, आणि जातीची खूण सांगणारे ते गळ्या-हातातले जड दागिने टाका. दुसऱ्या दिवशी कितीतरी जणी तशा नेसून आल्या. चित्रे-टिपणीसांच्या घरच्या बायकांनी नेसायला मदत केली.

आमच्या गटातली एक कॉलेजात जाणारी मुलगी उसळली. म्हणाली, इथेही बाईनेच कपडे बदलायचे? पुरुषांना सांगितलं का धोतर कसं नेसा? यावर दोन बैठका गेल्या. एक आजी होत्या, बौद्धवाडीतल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला आखूड घालायची हौस हाय. आमच्या आयेला लांब नेसायची बंदी हुती." मग ती मुलगी गप्प झाली. पण मला विचाराल तर तिचा प्रश्न संपलेला नाही. आजींचं म्हणणं खरंच आहे, पोशाखावर जातीचा शिक्का होता आणि तो पुसायचं धाडस त्या बायांनी एका रात्रीत केलं, भर बाजारातून तशा चालत गेल्या. त्याच वेळी हेही खरं की समाज सुधारायचा झाला की आधी बाईच्या अंगावरचं लुगडं दिसतं, मग ती सुधारणा कुठलीही असो. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत बसून बोलता आल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुस्तक एकटीने वाचलं असतं तर मी आजींच्या बाजूने मान डोलावून पान उलटलं असतं.

एक बारीकशी तक्रार. पुस्तकात नावं फार येतात, संस्था फार येतात, सलग वाचणारी दमते. मी गटात मागच्या मुलाखती आधी घेतल्या आणि पुढचा इतिहास नंतर. तुम्हीही तसंच करा.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर मात्र हे पुस्तक पहिल्याने चाललं नाही. तिथे 'आयदान' चाललं. उर्मिलाताईंचं आत्मकथन, २००३ साली ग्रंथालीने काढलेलं. त्यातल्या बायका डोईवर भारे घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जातात, चढणीवर टेकतात, एकमेकींची चेष्टा करतात. आई दिवसभर बांबूच्या सुपल्या-टोपल्या विणत बसलेली असते. आमच्या वाडीवर वाचता वाचता एकीने मध्येच थांबवलं आणि स्वतःच्याच आईची फाट्यांची मोळी सांगायला लागली. पुस्तक तासभर मांडीवर बंद पडून राहिलं. मी काही बोलले नाही. नवरे मुंबईला, सणाला येणार, घर-शेत-गुरं सगळं बाईच्या डोक्यावर, असलं आयुष्य पुस्तकात छापायच्या लायकीचं असतं हेच त्यांना नवीन होतं. त्या वाडीत मराठ्यांची घरं आहेत. पुस्तक दलित बाईचं आहे हे कळल्यावर दोघी पुढच्या बैठकीला आल्या नाहीत, हेही सांगायला हवं. एक परत आली. एक अजून आली नाही.

आणि बेबीताई कांबळे. फलटणला किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती पुडी बांधायच्या आधी वाचून काढायच्या. दुकानातच बसून 'जिणं आमुचं' लिहिलं आणि घरच्यांना दिसू नये म्हणून वह्या कित्येक वर्षं लपवून ठेवल्या. मॅक्सिन बर्नसन त्यांच्याकडे संशोधनाच्या कामाने जायच्या, त्यांना ते कळलं आणि मग छपाईला वाट मिळाली. १९८६ ला पुस्तक आलं. हे ऐकल्यावर आमच्याकडे एक वहिनी आहेत, दोन वर्षं गटात आल्या, एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की त्या तांदळाच्या डब्यात वही ठेवतात. काय लिहितात ते आम्ही विचारलेलं नाही. त्या सांगतील तेव्हा ऐकू.

आता एक वेगळंच वाचन. दोन महिन्यांपूर्वी एक बाई पिशवीतून पुस्तकाऐवजी कागद घेऊन आली. म्हणाली, "मी सध्या हे वाचतेय, पण कळत नाय." ते हक्कसोडपत्र होतं. बाप वारला, भावाने सांगितलं, दुय्यम निबंधकाकडे यायचं, एक सही करायची, येताना तुला साडी घेतो. सगळ्यांनी मिळून तो कागद वाचला, ओळ न् ओळ. 'स्वखुशीने', 'कोणत्याही दबावाशिवाय', 'कायमचा हक्क सोडून देत आहे'. ती म्हणाली, "स्वखुशी कोणाची? मला तर कोणी विचारलंच नाय."

मग आम्ही कायदा वाचला. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका जन्मसिद्ध हिस्सा दिला. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते यावर वर्षानुवर्षं घोळ चालला, तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये निकालात काढला, वडील हयात असण्याची अट नाही म्हणून. हा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आपल्या मुसलमान मैत्रिणींना त्यांचा वेगळा. यातलं पुष्कळ आपल्यातल्या कार्यकर्त्यांनाही तोंडपाठ नव्हतं.

ती काय करणार? सही केली नाही तर माहेर तुटेल, ही तिची भीती. 'हक्क घे' म्हणणं इथे बसून सोपं आहे. गौरी-गणपतीला ज्या दारात जायचं ते दार बंद झालं तर आपण काय देणार आहोत तिला? तिने अजून ठरवलेलं नाही. भावाला एवढंच कळवलंय की कागद माझ्याकडे आहे, मी वाचतेय. तो चिडला, म्हणाला, "वाचायचं काय त्यात?" मैत्रिणींनो, गटात यायला लागल्यापासून या बाईने तीन पुस्तकं ऐकली आहेत. माझ्या मते तिचं खरं वाचन आता चाललंय. आणि ती ठरवेल ते ठरवेल, आपण तिच्यावर दबाव आणायचा नाही, भावाचा आहे तेवढा पुरे.

पुस्तकांच्या हिशोबाचं सांगून थांबते. २२ जुलै २०२१ ला सावित्री गावात शिरली तेव्हा तळमजल्यावर ठेवलेली आपली दोन खोकी गेली. तळिये त्याच दिवशी डोंगराखाली गेलं, पोलादपुरात केवनाळे, साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. माणसं गेली तिथे पुस्तकांचं काय रडायचं, म्हणून तेव्हा कोणी बोललं नाही. चिखल सुकल्यावर 'स्मृतिचित्रे'ची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. ती वीट एकीने अजून ठेवलीय. आता पिशव्या माळ्यावर असतात आणि पावसाळ्यात पुस्तकं बायकांच्या घरी वाटलेली असतात, एका ठिकाणी नाहीत.

सध्या आपल्याकडे अठ्ठेचाळीस पुस्तकं आहेत. 'आम्हीही इतिहास घडवला'ची एकच प्रत आहे, तिचा कणा सुटलाय, खळ लावून बांधली आहे. दासगावच्या गटाला सत्येंद्र मोरे यांनी पुरं केलेलं कॉम्रेड आर. बी. मोरे यांचं चरित्र हवंय, कारण मोरे त्यांच्या गावचे आणि महाडची परिषद भरवावी हा आग्रह त्यांचा. कुणाकडे असेल तर द्या. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' पोलादपूरकडे पाच महिने आहे, ते परत यायचंय. आणि आज जी माझी प्रत नेईल तिने पुढच्या बैठकीत 'छान आहे' असं सांगायचं नाही. कुठल्या पानावर थांबलीस आणि का थांबलीस, ते सांगायचं. कोण नेतंय? हात वर करा, मी वहीत नाव लिहून घेते.